दोरा तोच, घड्याळ निराळे

आमच्या बाजूला एखादे गाव किती लांब आहे असे कोणाला विचारले, तर तो मैल सांगत नाही, किलोमीटरही सांगत नाही. तो वेळ सांगतो. ‘पालघर ना? गाडी मिळाली तर पाव तास, चुकली तर दुपार गेली.’ ह्या उत्तरात भूगोल थोडा आणि अनुभव पुष्कळ आहे. बेटेगावापासून पालघर काल जेवढे दूर होते तेवढेच आजही आहे. परंतु माणसाला प्रत्यक्ष जे अंतर तोडावे लागते ते त्या ‘तर’वर अवलंबून असते. आपल्या जुन्या भाषेने हे केव्हाच ओळखले होते. ‘मजल’ हा शब्द पाहा. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. घोडेस्वाराची मजल निराळी, पालखीची निराळी, ओझ्याच्या बैलाची त्याहून निराळी. बखरींतल्या फौजा मजल-दरमजल करीत जातात, त्या किती कोस गेल्या हे बखरकाराच्या लेखी दुय्यम असते. दोन गावांमधले अंतर निसर्ग ठरवतो. त्यांच्यामधला वेळ मात्र माणसे ठरवतात, आणि माणसांची मने ठरवतात. मुंबई आणि लंडन ह्या दोन शहरांच्या बाबतीत हे कसकसे घडत गेले, ते येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

हीच दोन शहरे का, असे वाचक विचारतील. त्याचे कारण उघड आहे. सुमारे दीडशे वर्षे ह्या मुलखाचे भले-बुरे लंडनात ठरत होते आणि त्याचे हुकूम मुंबईत उतरत होते. आमच्या गावच्या शेतसाऱ्याचा कागदसुद्धा शेवटी त्याच वाटेवरचा. आज हुकूम यायचे थांबले आहेत, पण मुले जाऊ लागली आहेत. तेव्हा ह्या वाटेशी शाळामास्तराचा काय संबंध, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

शाळेत भूगोल शिकवताना मी एक गंमत दरवर्षी करतो. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टी ठेवायला सांगतो. पट्टी इराणच्या आखाताकडून, इराक आणि तुर्कस्थान ओलांडून जाते. मग पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवतो आणि त्याच दोन टिंबांवर दोरा ताणून धरायला सांगतो. दोरा पट्टीचे ऐकत नाही. तो उत्तरेकडे सरकतो. मुंबईहून निघून तो थेट कराचीवर जातो, तेथून बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचे दक्षिणेकडचे पाणी, कॉकेशसचे डोंगर, काळ्या समुद्राचा उत्तर किनारा, युक्रेन आणि जर्मनी असा करत लंडनास पोचतो. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट कागदावर जी वाट वाकडी दिसते तीच खरी जवळची असते. ह्या दोऱ्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. शिवाजीमहाराजांच्या वेळीही ती तेवढीच होती. पुढची सारी हकीकत ह्या न बदलणाऱ्या दोऱ्याची आणि सतत बदलणाऱ्या घड्याळाची आहे.

शिडाच्या गलबतांच्या काळी हा दोरा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जायचे म्हणजे चार ते सहा महिने, आणि तेही वारा मिळेल त्या बेताने. वाफेचे यंत्र आले तेव्हा वाऱ्याची गुलामी सुटली. पण दुसरी लागली. ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट मुंबईच्याच गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरीतून तयार झाली. ती २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुवेझला लागली. मुंबईहून तांबड्या समुद्राकडे वाफेवर गेलेली ही पहिली बोट. तिचे दिवस मोजले तर तेहतीस भरतात. पण त्यांतले सुमारे बारा दिवस बोट चाललीच नाही. एडन, जेद्दा अशा ठिकाणी ती कोळसा भरत उभी होती, आणि तो कोळसाही तेथे शिडाच्या जहाजांनी आधी नेऊन ठेवावा लागला होता!

ह्या बारा दिवसांत पुढच्या शतकाचे राजकारण दडलेले आहे. कोळशासाठी थांबायचेच, तर थांबण्याची जागा आपली असावी, हा विचार मुंबईच्या सरकारने केला आणि जानेवारी १८३९ मध्ये एडन जिंकून घेतले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ते मुंबई इलाख्यातून चालवले गेले. वाटेचा वेळ कमी करावयाचा म्हणजे वाटेतल्या गावांवर सत्ता हवी, हा धडा त्या वेळी घातला गेला. तो आजतागायत कोणी विसरलेले नाही.

त्याच वर्षी, म्हणजे सप्टेंबर १८३९ मध्ये, साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहमहाराजांना कंपनी सरकारने गादीवरून काढले आणि काशीस नेऊन ठेवले. महाराजांची बाजू लंडनास मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत तेथे तळ ठोकून बसले. परका देश, परकी भाषा, पैशाची ओढ, आणि समोर लेडनहॉल स्ट्रीटवरची कंपनीची कचेरी. त्या काळी इजिप्तमधून खुष्कीने जाणारे टपालसुद्धा मुंबईहून लंडनला पोचायला पाच-सहा आठवडे घेई. म्हणजे इकडे एक प्रश्न विचारावा आणि तिकडून उत्तर यावे ह्यात तीन महिने सहज जात. ऑक्टोबर १८४७ मध्ये महाराज काशीत वारले. आधी काशीहून मुंबई, मग मुंबईहून लंडन. ती बातमी वाटेवर होती तितके सारे दिवस रंगो बापूजी एका दिवंगत धन्याचे वकील होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हते! त्या आठवड्यांत त्यांनी कोणाच्या भेटी मागितल्या असतील, महाराजांच्या नावाने काय काय लिहिले असेल, ह्याचा विचार मनात आला की अंगावर काटा उभा राहतो. पुढच्याच वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा झाले. अंतर हे सत्ताधाऱ्याला सोयीचे असते आणि फिर्यादीला जाचक असते. रंगो बापूजींची चौदा वर्षे ह्याला साक्ष आहेत.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला आणि १८७० साली समुद्राखालून मुंबई-लंडन तार जोडली गेली. ह्यांतली दुसरी घटना मला मोठी वाटते. तार येण्यापूर्वी बातमी आणि माणूस एकाच वेगाने प्रवास करीत. तारेने त्यांची फारकत केली. बातमी काही तासांत जाऊ लागली आणि माणूस मात्र आठवडे घालवीत मागून येऊ लागला. अर्थात तारेचा दर गरिबाला परवडणारा नव्हता. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या त्या ४ जूनला न्यूयॉर्कास उतरल्या. त्यांचे यजमान गोपाळराव टपालखात्यात नोकरीला. पण त्या दोघांचा संसार पुढची वर्षे त्याच खात्याच्या मंद चालीने चालला. डॉक्टर होऊन त्या नोव्हेंबर १८८६ मध्ये परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. एवढ्या छोट्या आयुष्यातून समुद्राने किती महिने घेतले, ह्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी आगबोटीचा वेग त्याच्या शिगेला पोचला होता. सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ बोट १ जुलै १९१० रोजी इंग्लंडहून निघाली. ८ जुलैला मार्सेल्सच्या बंदरात त्यांनी ती जगप्रसिद्ध उडी घेतली. त्यांना मुंबईस उतरवले ते २२ जुलैला. तीन आठवडे; आणि वाटेतल्या एका थांब्यावर घडलेला प्रसंग हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे गेला. न थांबणाऱ्या वाहनाला इतिहास नसतो. इतिहास घडतो तो थांब्यावर.

आता आकाशाकडे वळू. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज कंपनीने लंडनहून हिंदुस्थानाकडे नियमित हवाई वाहतूक सुरू केली. प्रवास सात दिवसांचा. क्रॉयडनहून बासेलपर्यंत विमान, बासेलहून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारे विमान आणि तेथून पुन्हा जमिनीवरचे विमान. शेवटचा मुक्काम कोणता? कराची. गोलावरच्या दोऱ्याने जे गाव पहिले दाखवले तेच. आणि हे लक्षात ठेवावयास हवे, की त्या वेळी कराची हे परके शहर नव्हते. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. एकाच सरकारचे शाळातपासनीस पुण्यात फिरत आणि कराचीतही. नारायण जगन्नाथ वैद्य ह्या आपल्या माणसाने सिंधमध्ये शिक्षणाचा पाया घातला. १८५५ साली स्थापन झालेली, त्यांच्या नावाची शाळा कराचीत आजही उभी आहे.

लंडनचे टपाल कराचीत येऊन पडे, पण मुंबईपर्यंत हवेतून कोण आणणार? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीच्या द्रीघ रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ जातीचे एका इंजिनाचे लहानसे विमान उडवले. बरोबर उतारू नाही. फक्त टपालाची पोती, वजन सुमारे २५ किलो. बिनतारी यंत्र नाही, वाट दाखवणारे दुसरे काही साधन नाही. खाली पाहावे आणि पुढे जावे. अहमदाबादेस विमान उतरले तेव्हा त्याचे पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीतून आणलेले होते. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूच्या मैदानावर टेकले. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे गेले. ह्या दोघांनी मिळून ही टपालसेवा उभी केली. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात पाणी भरे, म्हणून ते चार महिने विमाने पुण्यास येरवड्याला उतरत.

अहमदाबाद आणि जुहू ह्या दोन टिंबांना नकाशावर सरळ रेघ जोडली तर ती आमच्या बोईसरच्या अगदी जवळून जाते. ह्या रेघेच्या आसपास १८६४ साली मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग पुरा झाला, आणि आज तेथेच बुलेट गाडीचे खांब उभे राहिले आहेत. तिचे एक स्थानक बोईसरला आमच्याच परिसरात होते आहे. ती गाडी ५०८ किलोमीटरची वाट सुमारे दोन तासांत तोडणार असे सांगतात. टाटांचे विमान तासाला शंभर मैलांच्या बेताने उडे. म्हणजे अहमदाबादहून जुहूस यायला त्याला पावणेतीन तास तरी हवेत. जमिनीवरची गाडी कालच्या विमानाला मागे टाकणार! मुले हे ऐकून टाळ्या वाजवतात. मी त्यांना एवढेच सांगतो, की बैलगाडीतून आलेले ते पेट्रोलचे डबे विसरू नका. प्रत्येक वेगवान वाहनाच्या मागे कुठेतरी एक संथ बैलगाडी असतेच.

देश स्वतंत्र झाला आणि दुभंगलाही. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान ३५ उतारूंना घेऊन मुंबईहून निघाले. सारथी होते कॅप्टन गझदर. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबून ते १० जूनच्या सकाळी लंडनास उतरले. आपल्या देशाचे नाव घेऊन लंडनास गेलेले हे पहिले नियमित विमान. सहा महिन्यांची वाट दोन रात्रींवर आली. मात्र थांब्यांची नावे पाहिली तर कराची त्यांत नाही. १९६० साली बोइंग ७०७ जातीची जेट विमाने आली आणि वेळ आणखी घटला. पुढे विमाने मोठी होत गेली, पेट्रोलसाठी थांबण्याची गरज संपली, आणि आज मुंबईहून निघालेला उतारू नऊ-दहा तासांत थेट लंडनात उतरतो. घड्याळाच्या फरकामुळे तर तो पहाटे निघून त्याच दिवशी सकाळी पोचतो. ‘ह्यू लिंडसे’ला कोळशाच्या पाट्या चढवायला जेवढे दिवस लागले तेवढे तासही आता लागत नाहीत.

मग काय, अंतर संपले म्हणायचे? तसे वाटत होते खरे. परंतु दोरा ज्या देशांवरून जातो ते देश काही पुसले गेलेले नाहीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले ते जुलैपर्यंत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान ह्या दोघांनीही एकमेकांच्या विमानांना आपापल्या आकाशात मज्जाव केला. म्हणजे गोलावरचा तो ताणलेला दोरा दोन ठिकाणी तुटला: एकदा आरंभीच कराचीवर आणि पुन्हा एकदा युक्रेनवर. विमानांना वळसे पडले. वळशाला जास्त पेट्रोल, जास्त वेळ. ज्या वेळी यंत्र दुबळे होते त्या वेळी वेळ यंत्र ठरवीत असे. यंत्र बलाढ्य झाले तेव्हा वेळ पुन्हा माणसांच्या भांडणांच्या हाती गेला.

हे घड्याळाचे प्रकरण केवळ हौशी माणसांचे नव्हे. दोन वर्षांपूर्वी आमच्या परिसरातल्या एका घरी कर्ते गृहस्थ गेले. मुलगी लंडनजवळ नोकरीला. सकाळी सहाला प्राण गेला आणि सव्वासहाला तिला कळले. रंगो बापूजींचे कित्येक आठवडे पंधरा मिनिटांवर आले होते. म्हातारी मंडळी म्हणाली, थांबू या, पोरीला तोंड पाहू दे. बर्फ आणला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात उतरली. विमानात नऊ तास. बाकीचे सारे तास तिकीट मिळवण्यात, रांगांत आणि महामार्गावरच्या कोंडीत गेले होते. तिने बापाचे तोंड पाहिले आणि मग ती रडली. त्या वेळी माझ्या मनात आले, की वेगाची एवढ्या शतकांची सगळी धडपड अखेर कशासाठी, तर ह्यासाठी. व्यापार, राज्यकारभार, टपाल हे सर्व खरे. पण सामान्य माणसाच्या पदरात पडले ते तोंड पाहण्याचे हे सुख. आपल्या लोकांत ‘अखेरचे तोंडसुद्धा दिसले नाही’ ह्याहून मोठे दुःख नाही.

आणि म्हणूनच दोऱ्यावरच्या त्या पहिल्या गावाचा विचार मनातून जात नाही. फाळणीपूर्वी कराचीत मराठी माणसांची चांगली वस्ती होती. बरीच मंडळी इकडे आली. काही मराठी घरे तेथेच राहिली आणि आजही आहेत. मुंबई ते कराची सुमारे ८८० किलोमीटर. लंडनच्या वाटेचा आठवा हिस्सा. आजच्या विमानाला दीड तास पुरे. पण ह्या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. परवाना मिळालाच तर दुबईवरून जावे लागते, आणि ती वाट तीन हजार किलोमीटरच्या वर भरते. टाटांनी १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, तसल्याच लहान विमानातून कराची-मुंबई हा प्रवास पुन्हा करून दाखवला होता. म्हणजे फाळणी होऊन पस्तीस वर्षे लोटल्यावरही एका म्हाताऱ्याला एका लहानशा विमानातून कराचीहून निघून दुपार कलता जुहूस येता आले. आज जगातले उत्तम विमान घेऊन कोणी निघाला तरी ते त्याला साधणार नाही. जेथे लंडनची लेक दुसऱ्या दिवशी बापाच्या उशाशी पोचते, तेथे कराचीतल्या भावाला मुंबईतल्या बहिणीचे तोंड दिसेलच असे छातीठोक सांगता येत नाही.

यंदा वर्गात दोरा ताणला तेव्हा एका मुलीने विचारले, ‘गुरुजी, मग कराची लंडनच्या अलीकडे की पलीकडे?’ मुले हसली. मी तिला गोलावर बोट ठेवून अलीकडे असे दाखवले, आणि भूगोलाच्या तासाला ते उत्तर बरोबरच होते. इतिहासाच्या तासाला मात्र तिला वेगळे उत्तर द्यावे लागेल.